सँडो बनियनमधला सँडो : जगाला घरात एकट्यानं डंबेल मारायला शिकवणारा माणूस

दुकानात जाऊन बिनबाह्यांचं बनियन मागायचं असेल तर आपल्याकडे एकच शब्द पुरतो, सँडो. कंपनी कुठलीही असो, बनियन सँडोच. पण सँडो हे कापडाचं नाव नाही की शिलाईचं नाही. ते एका माणसाचं नाव आहे, युजीन सँडो. बनियनला हे नाव त्याच्यावरूनच पडलं असं मानलं जातं.

आधुनिक बॉडीबिल्डिंगचा बाप म्हणून जग त्याला ओळखतं. मिस्टर ऑलिम्पिया जिंकणाऱ्याला जो पुतळा मिळतो, तोही सँडोचाच.

आता जिममधला नेहमीचा वाद घ्या. सकाळच्या बॅचला जाऊन वीस जणांबरोबर गाण्याच्या तालावर बारबेल उचलायचा, की कानात इयरफोन घालून कोपऱ्यात एकट्यानं सेट मारायचे? दोन्हीकडचे लोक आपलंच खरं म्हणून भांडतात. हा वाद सोशल मीडियाच्या जमान्यातला वाटतो, पण सव्वाशे वर्षांपूर्वी सँडोचं अख्खं आयुष्य याच प्रश्नाभोवती फिरलं. गंमत अशी, की त्याने विकला एकट्याचा व्यायाम आणि तो चालवला मात्र सोबतीच्या जोरावर.

कवायतीच्या देशात जन्मलेला पोरगा

२ एप्रिल १८६७. प्रशियातल्या क्योनिग्सबर्ग शहरात फ्रीडरिक विल्हेल्म म्युलर नावाचा मुलगा जन्मला. आज हे शहर रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राद. हाच म्युलर पुढे युजीन सँडो झाला.

त्या काळच्या प्रशियात व्यायाम म्हणजे गटाची गोष्ट होती. नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर प्रशियाची तरुण पिढी पुन्हा उभी करायची म्हणून फ्रीडरिक लुडविग यान या शिक्षकाने १८११ मध्ये बर्लिनबाहेर उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं होतं. पोरं एकत्र जमायची आणि डबलबार, आडवा बार अशा साधनांवर कसरती करायची. त्यात व्यायाम कमी आणि देशभक्ती जास्त असाही मामला होता. तिकडे स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला संस्था काढली. तिथली कवायत म्हणजे ओळीत उभं राहायचं, शिक्षकाने हुकूम सोडायचा आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी वर जायचे. पुढे ही स्वीडिश पद्धत ब्रिटनच्या शाळांपर्यंत आणि सैन्यापर्यंत पोहोचली.

थोडक्यात काय, तर सँडोच्या लहानपणी युरोपात व्यायाम म्हटलं की रांग, हुकूम आणि ताल हेच डोळ्यांसमोर यायचं.

आपल्याला शरीर कमवायची इच्छा कशी झाली याची एक गोष्ट सँडो सांगायचा. लहानपणी वडिलांबरोबर तो इटलीला गेला, तिथे जुन्या वीरांचे संगमरवरी पुतळे पाहिले आणि असं शरीर आपलंही असावं असं त्याला वाटलं. गोष्टीत मीठमसाला किती हा भाग वेगळा. पण पुतळ्यासारखं शरीर ही कल्पना त्याने आयुष्यभर सोडली नाही.

वस्ताद भेटला आणि चित्र बदललं

१८८५ च्या सुमारास सक्तीची सैनिकी नोकरी टाळण्यासाठी त्याने घर सोडलं. सर्कशीत कसरती करत, मिळेल ते काम करत तो युरोपभर हिंडला आणि ब्रसेल्सला पोहोचला. तिथे त्याला लुई डर्लाखर भेटला. रंगमंचावर त्याचं नाव होतं प्रोफेसर अटिला. तो स्वतः ताकदीचे खेळ करायचा आणि व्यायामशाळाही चालवायचा. आपल्याकडच्या तालमीच्या भाषेत बोलायचं तर अटिला हा सँडोचा वस्ताद.

अटिलाने त्याच्या हातात जड वजनं दिली. बारबेल कसा धरायचा, एका हाताने खांद्यापर्यंत नेलेलं वजन शरीर बाजूला झुकवत डोक्यावर कसं तोलायचं, हे शिकवलं. या प्रकाराला बेंट प्रेस म्हणतात आणि सँडो पुढे त्यासाठीच गाजला. सँडो हे नावही त्याने याच काळात घेतलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सँडोचं शरीर बंद खोलीत एकट्याने घडलं नाही. ते घडलं जड वजनांवर आणि चूक दिसली की लगेच टोकणाऱ्या वस्तादाच्या नजरेखाली.

१८८९ मध्ये संधी चालून आली. लंडनच्या रॉयल अक्वेरियम थिएटरमध्ये सॅमसन नावाचा ताकदवान कलाकार रोज रात्री प्रेक्षकांना आव्हान द्यायचा, माझ्या तोडीचा कोणी असेल तर स्टेजवर या. अटिलाच्या सल्ल्याने सँडो लंडनला आला. आधी त्याने सॅमसनचा चेला सायक्लॉप्सला हरवलं आणि २ नोव्हेंबरला भरगच्च थिएटरमध्ये खुद्द सॅमसनला. सूटबूट घालून आलेल्या त्या देखण्या तरुणाने कोट उतरवला तेव्हा पब्लिक अवाक झालं. एका रात्रीत सँडो लंडनचा हिरो झाला.

लोक वजन नाही, शरीर बघायला येतात

१८९३ मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कनंतर शिकागोत त्याचे प्रयोग लागले. तिथे तेव्हा मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हेच ते प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्याच सप्टेंबरमध्ये स्वामी विवेकानंद बोलले.

शिकागोत सँडोचा शो फ्लोरेन्झ झीगफेल्ड या तरुणाने हातात घेतला. हा झीगफेल्ड पुढे ब्रॉडवेचा फार मोठा निर्माता झाला. त्याने एक गोष्ट अचूक हेरली. सँडोने किती वजन उचललं यापेक्षा उचलताना त्याचं शरीर कसं दिसतं, यावर लोकांची नजर जास्त खिळत होती. मग शोमध्ये नुसतं स्नायू दाखवणं हाच एक भाग झाला. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत सँडोचं चित्रीकरण झालं. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसांमध्ये त्याचं नाव येतं.

पण शो करून किती दिवस काढणार? शरीर आज आहे, उद्या उतरेल. सँडोच्या डोक्यात वेगळाच धंदा शिजत होता. लोकांना आपलं शरीर दाखवण्यापेक्षा, तुमचंही असं होऊ शकतं हे सांगून विकायचं.

व्यायामशाळा आली टपालाने

१८९७ मध्ये सँडोने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीट या उच्चभ्रू भागात व्यायामसंस्था काढली. इथे रांग नव्हती आणि हुकूमही नव्हता. आलेल्या माणसाची छाती, दंड, कंबर, मांड्या यांची मापं घेतली जायची आणि त्या मापांवरून फक्त त्याच्यासाठी व्यायाम ठरायचा. आजच्या भाषेत याला पर्सनल ट्रेनिंग म्हणतात.

त्याच वर्षी ताकद कशी कमवावी हे सांगणारं त्याचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात वयाप्रमाणे तक्ते होते, कुठला व्यायाम किती वेळा करायचा आणि दर काही दिवसांनी संख्या कशी वाढवायची. ज्यांना लंडनला येणं शक्य नव्हतं त्यांनी मापं टपालाने पाठवायची आणि व्यायामाचा कागद टपालानेच घ्यायचा. पुढे त्याने स्प्रिंगचे डंबेल काढले. मूठ दोन भागांत, मधे स्प्रिंगा. डंबेल उचलताना त्या दाबून धरायच्या. हात सैल सोडला की मूठ उघडायची, म्हणजे लक्ष दुसरीकडे गेल्याचं लगेच कळायचं. मन त्या त्या स्नायूवर ठेवलं नाही तर व्यायाम वाया जातो, हा त्याचा आवडता सिद्धांत.

कारकून, दुकानदार, विद्यार्थी, सगळ्यांना हे परवडणारं होतं. सकाळी खोलीचं दार लावायचं, आरशासमोर उभं राहायचं, काही मिनिटं डंबेल मारायचे आणि कामाला जायचं. आपलं बारीक नाहीतर सुटलेलं शरीर चारचौघांत दाखवायची लाज नाही, कोणाच्या वेळेशी वेळ जुळवायची कटकट नाही.

फक्त एक मेख होती. स्वतः सँडो घडला जड बारबेलवर, पण लोकांना त्याने विकले जेमतेम काही पौंडांचे डंबेल. यावरून त्याच्यावर तेव्हाही टीका झाली. या टीकेत दम होता. हलक्या वजनाने शरीराला वळण लागतं, दम वाढतो, नवख्याचे स्नायूही वाढतात. पण सँडोसारखी ताकद हवी असेल तर वजन वाढवत न्यावंच लागतं.

एकट्या माणसाचा उत्साह टिकतो किती दिवस?

दुसरी अडचण धंद्याची होती, ती आजच्या प्रत्येक जिमवाल्याला पाठ आहे. माणूस हौसेनं डंबेल आणतो, आठवडाभर जोरात चालतं, मग एक दिवस चुकतो, दोन दिवस चुकतात आणि डंबेल पलंगाखाली जातात.

सँडोला हे पक्कं कळलं होतं. त्याने १८९८ मध्ये व्यायामाचं मासिक सुरू केलं. त्यात व्यायाम करणाऱ्यांचे फोटो यायचे, त्यांच्या मापांची चर्चा व्हायची. कुठल्यातरी गावात खोलीत एकटा डंबेल मारणारा माणूस मासिक उघडायचा आणि आपल्यासारखे शेकडो जण आहेत हे त्याला दिसायचं. आज लोक स्टोरीला जिमचा फोटो टाकतात, त्याचंच हे कागदावरचं रूप.

योगायोग बघा, त्याच १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट या संशोधकाचा एक अभ्यास छापून आला. सायकलपटू एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करताना जेवढे वेगात जातात, त्यापेक्षा सोबत दुसरा सायकलस्वार असताना जास्त वेगात जातात, हे त्याने आकडे मांडून दाखवलं. बाजूला माणूस असला की आपला जोर वाढतो. क्रीडा मानसशास्त्राच्या सुरुवातीच्या कामात हा अभ्यास मोजला जातो. ट्रिप्लेटने जे आकड्यांनी मांडलं, ते सँडो धंद्याच्या अनुभवाने शिकला होता.

मासिकातून त्याने एक मोठी स्पर्धा जाहीर केली. ब्रिटनच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत त्याच्या पद्धतीने व्यायाम करणाऱ्यांची निवड व्हायची आणि तिथून निवडलेले गडी लंडनला अंतिम फेरीत यायचे. ही प्रक्रिया तब्बल तीन वर्षं चालली. बक्षिसांची रक्कम हजार गिनी.

१४ सप्टेंबर १९०१ ला रॉयल अल्बर्ट हॉल खचाखच भरला. जगातली पहिली मोठी बॉडीबिल्डिंग स्पर्धा म्हणून ही रात्र ओळखली जाते. परीक्षक तिघं होते. शिल्पकार सर चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल आणि स्वतः सँडो. कार्यक्रमाच्या सुरुवातीला अनाथाश्रमातल्या मुलांनी सांघिक कवायत केली, नंतर घराघरांत घाम गाळून आलेले गडी एकेक करून परीक्षकांसमोर उभे राहिले. व्यायामाच्या दोन्ही तऱ्हा त्या रात्री एकाच स्टेजवर दिसल्या.

नियम साधा होता. नुसते दंड फुगलेले चालणार नाहीत, सगळं शरीर प्रमाणात हवं. नॉटिंगहॅमच्या विल्यम मरेने बाजी मारली आणि सँडोचा सोनेरी पुतळा घरी नेला. पण खरी मेहनत त्या तीन वर्षांत झाली होती. स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर होती म्हणून कित्येकांनी बंद खोलीतले डंबेल खाली ठेवले नाहीत.

सँडो भारतात आला

१९०४-०५ मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना सँडो भारतातही आला. कलकत्ता, मुंबई अशा शहरांत त्याचे प्रयोग झाले. पण त्याचं नाव, पुस्तकं आणि डंबेल त्याच्या आधीच इथे पोहोचले होते.

याचा सगळ्यात भारी पुरावा सातारा भागातल्या औंध संस्थानात मिळतो. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ च्या सुमारास सँडोचं साहित्य आणि पुस्तक मागवलं. नुसतं मागवलं नाही, तर जवळपास दहा वर्षं ते सँडोच्या पद्धतीने नेमाने व्यायाम करत होते.

पुढे मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आल्यावर त्यांनी हा व्यायाम संस्थानातल्या शाळांमध्ये नेला. मैदानात ओळीने उभी राहिलेली पोरंपोरी आणि एका सुरात होणारे नमस्कार. ना डंबेल, ना खर्च, आणि शेजारी सोबती. १९३८ मध्ये त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. म्हणजे ज्या शहरातून त्यांनी एकट्याचा व्यायाम मागवला होता, त्याच शहरात औंधचा सांघिक व्यायाम जाऊन पोहोचला.

राजाचा शिक्षक आणि बेनाव थडगं

इकडे सँडो यशाच्या शिखरावर होता. १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांनी त्याला आपला व्यायामशिक्षक नेमलं. प्रशियातून पळून आलेल्या पोराने थेट राजवाड्यापर्यंत मजल मारली होती. पण त्याने धंद्याचा पसारा फार वाढवला. डंबेल, कॉर्सेट, आजारावर व्यायामाने उपचार करणारी संस्था आणि चक्क सँडो कोको. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटनमध्ये जर्मन म्हटलं की लोकांचं डोकं फिरायचं, आणि सँडोचं मूळ काही लपलेलं नव्हतं. युद्धाच्याच काळात त्याची कोको कंपनी बुडाली.

१४ ऑक्टोबर १९२५ ला लंडनमध्ये तो वारला, वयाच्या ५८ व्या वर्षी. खड्ड्यात गेलेली गाडी एकट्याने ओढून काढताना इजा झाली आणि त्यातच तो गेला, अशी गोष्ट पसरली. कागदोपत्री कारण होतं महाधमनीचा फुगवटा. पत्नीशी त्याचे संबंध बिघडले होते. पटनी व्हेल दफनभूमीत त्याला पुरलं, पण थडग्यावर नावसुद्धा कोरलं नाही. कित्येक दशकं ती जागा तशीच बेनाव होती. त्याच्या चाहत्यांनी तिथे दगड बसवला तो एकविसाव्या शतकात.

मग बॅच बरी की एकटं?

सँडोच्या पश्चात त्याचा वारसा दोन वाटांनी गेला.

पहिली वाट जड वजनाची. १८९३ मध्ये सँडोचा शो पाहिलेला ॲलन कॅल्व्हर्ट नावाचा एक अमेरिकन मुलगा त्याच्यामुळे वेडा झाला होता. पण हलक्या डंबेलवर सँडोसारखं शरीर होत नाही हे त्याच्या लक्षात आलं. १९०२ मध्ये त्याने फिलाडेल्फियात मायलो बारबेल कंपनी काढली आणि वजन कमीजास्त करता येईल असे बारबेल सामान्य माणसाला विकायला सुरुवात केली. आज जिममध्ये एकट्याने दर आठवड्याला थोडं थोडं वजन वाढवणारा माणूस याच वाटेवरचा.

दुसरी वाट हलकं वजन आणि खूप रेप्स यांची. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून बॉडीपंप हा प्रकार जगभर गेला. गाणं लागतं, समोर ट्रेनर, सगळ्यांच्या हातात हलका बारबेल आणि तासाभरात शेकडो रेप्स. बारकाईने बघितलं तर यात सँडोचे हलके डंबेल आहेत आणि स्वीडनची रांगही.

दोन्हींचं काम वेगळं आहे. बॅचमध्ये ताल गाण्याचा असतो, म्हणून वजन जपूनच लावावं लागतं. दम वाढतो, घाम निघतो, सवय लागते. पण गाणं तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे जड सेटनंतर लागणारी दोन-तीन मिनिटांची विश्रांती तिथे मिळत नाही आणि वीस जणांत एकाची वाकलेली पाठ ट्रेनरच्या नजरेतून सुटू शकते. एकट्याच्या व्यायामात वजन, विश्रांती, वेग सगळं आपल्या हातात, त्यामुळे ताकद जास्त वाढवता येते. पण चूक दाखवायला कोणी नसतं, छातीवर बारबेल अडकला तर उचलायला कोणी नसतं आणि आज राहू दे म्हणणाऱ्या मनाला अडवायलाही कोणी नसतं.

आपल्या तालमीने या दोन्हींचा मेळ कधीच घातला होता. जोर-बैठका ज्याच्या त्याच्या, आकडाही ज्याचा त्याचा. पण घाम एकाच छपराखाली गळायचा, शेजारचा अजून थांबलेला नाही हे दिसायचं आणि वस्तादाची नजर सगळ्यांवर असायची. अटिलाच्या व्यायामशाळेत सँडोला नेमकं हेच मिळालं होतं.

तेव्हा नवीन असाल तर बॅचने सुरुवात करायला हरकत नाही, सवय तिथेच लागते. ताकद वाढवायची वेळ आली की स्वतःच्या वजनाचा हिशेब स्वतः ठेवा. पण एकटे पडू नका. एखादा जोडीदार, एखादा जाणता ट्रेनर, नाहीतर डोळ्यांसमोर एखादी तारीख तरी असू द्या. घरोघरी डंबेल पोहोचवणाऱ्या सँडोलाही ते पलंगाखाली जाऊ नयेत म्हणून मासिक काढावं लागलं आणि तीन वर्षं स्पर्धा चालवावी लागली.